गाठीखालचं जनीचं

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनाही जागा होऊ द्या. चपला दाराबाहेर काढल्यात तशी डोक्यातली घाईही घटकाभर बाहेरच राहू द्या. आज मी तुम्हांला एका दोऱ्याची गोष्ट सांगणार आहे. मंतरलेला नाही, रेशमी नाही. औषधांच्या खोक्यांना बांधून येतो ना, तसला साधा पांढरा दोरा. त्या दोऱ्याच्या भरवशावर एका आईच्या मांडीवरचं लेकरू दुसरीकडे जायची पाळी आली, आणि त्याच दोऱ्याने ते तिच्या मांडीवर राहिलं. कसं, ते ऐका.

साल चौऱ्याऐंशी. रत्नागिरीपासून एस.टी.ने तासाभरावर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेला करंजकोंड म्हणून वीसेक घरांची वाडी. तिथल्या एका घरात तीन बायका. म्हातारी सोनूबाई, तिची सून हौसा आणि हौसाची लेक जनी. जनीला दिवाळीत दोन वर्षं पूर्ण झाली, म्हणून तिलाही बाईच धरायचं. सोनूबाईचा मुलगा दत्ताराम मुंबईला गोदीत. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा, बाकी वर्षभर त्याचं पत्र यायचं.

त्या वर्षी पौषातली गोष्ट. हौसा मागीलदारी भांडी घासत होती. जनी आत चुलीपाशी खेळत होती. चुलीच्या कोपऱ्यात एक बाटली असायची, दत्तारामने मुंबईहून आणलेल्या नारिंगी सरबताची. सरबत गणपतीतच संपलं होतं. एवढी छान बाटली टाकायची कशी, म्हणून हौसा तिच्यात चूल पेटवायचं घासलेट भरून ठेवी. जनीला आतलं काय ठाऊक? तिला बाटलीवरचं नारिंग ओळखीचं. बूच सैल होतं. दोन घोट पोटात गेले आणि तिला जो खोकला लागला, तो ऐकून हौसा राखेच्या हातांनीच धावली.

शेजारीपाजारी गोळा झाले. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, ओकून पडेल सगळं. पाजलं. पोरगी ओकली आणि ओकता ओकता तिचा श्वास अडकायला लागला. मग मात्र हौसा कुणाचं ऐकत बसली नाही. जनीला पदरात गुंडाळलं आणि सडा तुडवत हमरस्ता गाठला. चिऱ्यांचा ट्रक रत्नागिरीला निघाला होता, त्यात बसून ती सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात पोचली.

तिथे प्रेमला सिस्टर होत्या.

आता या बाईंचं वर्णन काय करू? ठेंगणी ठुसकी मूर्ती, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, चालताना चपलांचा फटफट आवाज. माहेर खेडकडचं. पण मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली आहेत, बुवा उभे राहिले की सभा कशी निवते ते पाहिलं आहे. प्रेमला सिस्टर दारातून आत आल्या की अपघात विभागातला कालवा तसाच निवत असे. रडणाऱ्या पोराच्या आईला त्या आधी पाणी देत आणि मग पोराला हात लावीत. "आई थरथरायची थांबली की पोर अर्धं गप्प होतं," असं म्हणत.

डॉक्टरांनी जनीला तपासलं, नाकाशी प्राणवायूची नळी लावली. हौसा कोपऱ्यात उभी. तिने मनाची तयारी केली होती. आता विचारतील, कुणी ठेवली बाटली? आणि आपल्याला सांगावं लागेल, मी.

सिस्टर आल्या. त्यांनी विचारलं, "बाटली कुठं होती गं?"

"आं?"

"कुणी ठेवली ते नाही विचारत मी. कुठं होती? जमिनीवर, फळीवर, कशावर?"

"भुईवर. चुलीच्या कोपऱ्यात."

"बरं." त्यांनी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं गुंडाळं काढलं. निजलेल्या जनीचा हात डोक्यावर सरळ केला आणि टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा ताणला. तिथे गाठ मारली, वर वीतभर सोडून दोरा कापला आणि हौसाच्या हातात दिला. मग शांतपणे समजावून सांगितलं. घरी गेलीस की दोऱ्याचं टोक भुईला लाव आणि गाठ वर धर. गाठीखाली जे जे काही असेल, तिथे जनीचा हात पोचतो. घासलेट, विळी, काडेपेटी, कढत भांडं, उंदराचं औषध, सगळं गाठीच्या वर गेलं पाहिजे. आणि पुन्हा कुणी घासलेट प्यायलंच, तर ओकारी काढायची नाही. ओकताना ते छातीत उतरतं. तसंच उचलून इकडे आणायचं.

"कळलं ना?"

हौसाने मान डोलावली.

खरं सांगू? तिने एक अक्षर ऐकलं नव्हतं. तिचे डोळे जनीच्या बरगड्यांवर होते. त्या वर येतात का, खाली जातात का, पुन्हा वर येतात का, एवढंच ती पाहत होती. सिस्टरचा आवाज तिला समुद्राच्या गाजेसारखा लांबून ऐकू येत होता. हातात दोरा आला, तिने मूठ मिटली.

तिसऱ्या दिवशी जनी बरी होऊन घरी आली. सोनूबाईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"ह्यो दोरा कसला गो?"

"सिस्टरबायनी दिल्यानी. पोरीला मापून. मधी गाठ मारल्यानी."

"मापून? गाठ मारून?" सोनूबाईचा चेहरा उजळला. गावच्या देवळातला दोरा असाच मापून, गाठ मारून मिळतो. "बाय देवमाणूस दिसता. हाताला गुण हाय तिच्या. बांद, बांद. पोरीच्या कमरेला बांद."

आणि बांधला. दुहेरी करून, वर एक काळा मणी ओवून, जनीच्या कमरेला. हौसाने हातही जोडले. घासलेटाची बाटली तिने भीतीनेच माळ्यावर टाकली होती. बाकी विळी होती तिथे राहिली, काडेपेटी होती तिथे राहिली. घरात आता दोरा होता, मग भ्यायचं कशाला? वाडीतल्या दोघीतिघी तर दोरा बघायला येऊन गेल्या.

दिवस गेले. फाल्गुन लागला. शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती आणि त्या दिवशी सोनूबाईच्या घरी यायची होती. दत्तारामला रजा मिळाली नव्हती, म्हणजे सगळं दोघींवर. पहाटेपासून सारवण चाललं होतं. खळं सारवून झालं, पडवी झाली, चुलीचा ओटाही सारवून ओला केला. आता न्याहारीची पेज उतरवून ठेवायची कुठे? ओल्या ओट्यावर टोप ठेवला तर सारवण उठेल. सोनूबाईने टोप उचलला आणि माजघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून त्यावर ठेवला. डाव आतच होता, त्याचा दांडा बाहेर आलेला. जनी आली आणि तिने दांडा धरून ओढला.

पालखी दुसऱ्या घरी थांबवली गेली. ढोल बंद झाले. सोनूबाईने हळद आणि खोबरेल पोरीच्या हातावर थापलं आणि या वेळी ती स्वतःही निघाली. एस.टी.त हौसा एक शब्द बोलली नाही. टोप कुणी ठेवला ते तिला ठाऊक होतं. सोनूबाईलाही ठाऊक होतं. आणि सोनूबाईच बोलत होती, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं.

"दोन महिन्यांत दोन येळा! हिच्या हातात पोर टिकायची नाय. मी ठरवलंय. राजापूरला शालनकडं धाडते हिला."

शालन म्हणजे दत्तारामची बहीण. राजापूरला दिली होती, पदरी मूल नव्हतं. जनीवर तिचा जीव होता, वाईट बाई नव्हती. पण हौसाने ते ऐकलं आणि जनीला आणखी जवळ घेतलं. एकदा पोरगी तिकडे गेली की परत कशाला येते? दत्ताराम आईच्या शब्दाबाहेर नव्हता. पत्र जायचा अवकाश, होकार येणार.

अपघात विभागात प्रेमला सिस्टरच होत्या. त्यांनी जनीला ओळखलं. हातावरची हळद पाण्याची बारीक धार सोडून हळूहळू धुतली. "भाजलं की आधी नुसतं गार पाणी हं आजी, दुसरं काही नाही," असं म्हणत फ्रॉक वर केला, कुठे आणखी भाजलंय का बघायला. आणि त्यांचा हात थांबला.

कमरेला पांढरा दोरा. दुहेरी. काळा मणी. आणि बरोबर बेंबीवर आलेली त्यांची स्वतःची गाठ.

हौसाला वाटलं, आता ओरडतील. सोनूबाईला वाटलं, आता दोऱ्याचं कौतुक करतील. ती म्हणालीदेखील, "तुमचाच हाय, बाय. एक दिस सोडला नाय. म्हनून तर हातावर निभावलं, न्हायतर तोंडावरच आलं असतं."

सिस्टर आधी कामाला लागल्या. फोड आलेल्या हाताला मलमपट्टी केली, औषध दिलं, जनीला झोप लागेपर्यंत थोपटत बसल्या. मग स्टूल बाजूला सारून चक्क भुईवर, दोघींच्या समोर मांडी घालून बसल्या. पांढऱ्या साडीची मुळीच पर्वा केली नाही.

"हौसा, मी तुला हा दोरा दिला तेव्हा काय सांगितलं होतं?"

हौसाची मान खाली. "नाय आठवत, बाई."

"काहीच नाही?"

"नाय."

"बघा!" सोनूबाई उसळली. "हिचं ध्यान असताच कुटं! म्हनून म्हनते, राजापूरला..."

"थांबा हो आजी." सिस्टर हौसाकडे वळल्या. "तुमच्या गावात सप्ता होतो ना? कीर्तन ऐकतेस?"

"ऐकते तर! महिपतबुवा येतात."

"गेल्या साली काय लावलं होतं बुवांनी?"

आणि काय सांगू तुम्हांला, खाली मान घालून बसलेली हौसा एकदम सावरून बसली. "आंधळ्या भक्ताची कथा. त्याच्या डोंगरावरच्या देवळाला एकवीस पायऱ्या. पयल्या पायरीला काटा, दुसऱ्या पायरीला खडा, तिसऱ्या पायरीला..." सगळ्या एकवीस पायऱ्या तिने धडाधड म्हणून दाखवल्या. कुठल्या पायरीवर भक्त घसरला आणि कुठल्या पायरीवर देवाने हात दिला, सगळं. बाजूच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारासुद्धा "वा, वा" म्हणाला.

"एक वर्ष झालं, तरी एकवीस पायऱ्या पाठ," सिस्टर म्हणाल्या. "आणि माझ्या चार गोष्टी दोन महिन्यांत गेल्या. असं का झालं असेल?"

हौसाने निजलेल्या जनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, तुमी सांगत व्हतात तवा पोर आचके देत व्हती. मना काय सुदच नव्हती. आनि..." ती अडखळली.

"बोल, बोल."

"बुवा नुसतं सांगत नाय. बुवा पायरी म्हनतात, आकडा आमच्याकडून वदवून घेतात. चुकला की हसतात, परत म्हनायला लावतात. तुमी माज्याकडून काय वदवून घेतलं नाय."

सिस्टरनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली मला इथे. शेकडो आयांना सांगितलं असेल. पोर तडफडत असताना सांगत आले आणि त्यांनी मान हलवली की समजत आले, झालं माझं काम. चूक माझी गं बाई. दोरा मी दिला आणि बोलणं माझ्यापाशीच राहिलं."

मंडळी, मोठमोठ्या विद्वानांना मी सभेत वाद घालताना पाहिलं आहे. पण पांढऱ्या कपड्यातल्या, हुद्द्यावरच्या बाईने भुईवर बसून एका अडाणी सुनेला "चूक माझी" म्हणावं, तेही तिच्या सासूसमोर, हे मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

सिस्टरनी जनीच्या कमरेचा दोरा हलक्या हाताने सोडला. मणी काढून सोनूबाईच्या हातावर ठेवला. "मणी राहू द्या आजी कमरेला, दुसऱ्या दोऱ्यात. तो देवाचा. हा दोरा माझा, याचं काम वेगळं आहे. उठा. दोघी उठा. टोक भुईला, गाठ वर. चला, ही खोलीच तुमचं घर. जनी इथं मोकळी सुटली आहे. कशाकशाला तिचा हात पोचेल ते मला सांगा. आणि दर वेळी म्हणायचं: गाठीखालचं जनीचं, गाठीवरचं आईचं."

दोघी उठल्या. हौसाने टोक भुईला धरलं, सोनूबाईने गाठ वर ताणली. पहिल्यांदा म्हातारीला लाज वाटली. एवढी माणसं बसलेली, आणि आपण दोरा घेऊन फिरायचं! पण खाटेपाशी आल्यावर तिला गंमत वाटायला लागली.

"ह्या पान्याचा तांब्या. गाठीखाली. जनीचा."

"ही कैची. गाठीखाली. जनीची."

"आनि ही गो काय, बाय?" औषधांच्या गाड्याच्या खालच्या फळीकडे बोट दाखवून सोनूबाई ओरडली. "ही बाटली? वास मारता हिला!"

स्पिरिटची बाटली होती, बूच अर्धवट लावलेली. आणि शेजारीच सुया उकळायचं भांडं, अजून वाफ निघत असलेलं.

सिस्टर दोन्ही हात कपाळाला लावून हसल्या. "अगं बाई! माझ्याच घरात!"

"मोठी शिकवायला निघालीस!" सोनूबाईला हसू आवरेना. "आमच्या घरात निदान येकच टोप भुईवर व्हता. तू तर सगळा बाजार मांडलायस!"

आणि बोलता बोलता ती थांबली. हातातली गाठ हवेत तशीच. हसू ओसरलं. ती त्या वाफेकडे बघत राहिली.

"कुठं होता तो टोप, आजी?" सिस्टरनी हळूच विचारलं. कुणी ठेवला, हे याही वेळी विचारलं नाही.

"उंबऱ्याशी," सोनूबाई म्हणाली. "पाटावर." आवाज अगदी खाली आला. "वटा वला व्हता. सारवान उठंल म्हनून... मीच ठेवला व्हता, बाय. हिनं न्हाय. हिनं सांगितलं पन न्हाय कुनाला."

हौसा दोऱ्याचं खालचं टोक धरून भुईवर उकिडवी बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"ओला ओटा लक्षात आला, म्हणून टोप तिथं ठेवलात," सिस्टर म्हणाल्या. "जनीचा हात लक्षात यायला हवा म्हणून हा दोरा. ज्याच्या त्याच्या कपाळावर चूक चिकटवून पोराचा हात आखूड होत नाही. टोप वर गेला की झालं."

तेवढ्यात दार ढकलून काशीराम नावाचा एक गृहस्थ घाबराघुबरा आत आला. खांद्यावर चार वर्षांची मुलगी, तिच्या नाकपुडीत चिंचोका. डॉक्टरांनी तो चिमट्याने अलगद काढला, पोरगी शिंकली आणि खाऊ मागायला लागली. काशीराम घाम पुसत बाकावर टेकला.

सिस्टरनी हौसाला खूण केली. "सांग त्यांना."

"मी?"

"पोरगी बरी झाली, त्यांचा श्वास खाली बसला. आता कान उघडे आहेत. सांग आणि वदवून घे."

परपुरुषासमोर हौसाची जीभ उचलेना. पण सोनूबाईने तिच्या कमरेला कोपर मारलं. "सांग गो. एकवीस पायऱ्या म्हनलीस न्हवं मगाशी? ही तर येकच हाय."

आणि हौसाने सांगितलं. काशीरामच्या मुलीला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावले, नवा दोरा मापला, गाठ मारली. "पोर चढनारी हाय काय? मग जवळ स्टूल न्हाय ठेवायचं, न्हायतर गाठ वर सरकते. म्हना: गाठीखालचं..."

"गाठीखालचं पोरीचं," काशीराम म्हणाला.

"गाठीवरचं?"

"गाठीवरचं आईचं."

"आनि बापसाचं न्हाय?" सोनूबाईने विचारलं. "तू काय नुसता बघत बसनार?" सगळी खोली हसली. पाय मोडलेला म्हातारा सर्वांत जोरात.

त्या दिवसापासून प्रेमला सिस्टरनी रीत बदलली. पोराचा जीव थाऱ्यावर आल्याशिवाय आईबापाला काही सांगायचं नाही. सांगितलेलं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगून जायचं. आणि गाड्याची खालची फळी तेव्हापासून रिकामीच राहिली.

संध्याकाळच्या गाडीने तिघी परत निघाल्या. जनी हौसाच्या मांडीवर, पट्टीचा हात छातीशी. बराच रस्ता गेल्यावर हौसाने धीर केला.

"आई, राजापूरला कवा धाडायची?"

सोनूबाई खिडकीबाहेर बघत होती. "कुनाला?"

"जनीला."

"ती कशाला जाते राजापूरला?" म्हातारी खेकसली. "शालनलाच बोलवीन हिकडं चार दिस. पोरीला भेटंल, आनि दोरा कसा मापायचा ता बघून जाईल. उद्या देवानं तिची वटी भरली तर?" मग थोड्या वेळाने, पदराआडून, "पोर आयशीपाशीच ऱ्हाते, हौसे. रडू नकोस. मान्सं बगतात."

घरी पोचल्यावर आधी पालखीला नमस्कार झाला, ती सोनूबाईसाठी थांबली होती. मग सोनूबाईने स्वतः खुंटीला दोरा टांगला, टोक भुईला टेकेल असा. विळी वर गेली. काडेपेटी वर गेली. पेजेच्या टोपासाठी भिंतीत दगडी फळी बसली. दर अमावास्येला जनीला दोऱ्याशी उभं करून गाठ वर सरकवायचं काम म्हातारीने आपल्याकडे घेतलं, आणि दुसऱ्या कुणाला ती ते करू देत नसे. पुढे करंजकोंडातल्या प्रत्येक घरात, जिथे लहान पोर आहे, तिथे खुंटीला असा एक दोरा दिसू लागला.

सिस्टरची पुढे बदली झाली. कुणी म्हणे चिपळूणकडे, कुणी म्हणे घाटावर. जनीच्या हातावरचा डाग फिका होत गेला.

मंडळी, कथा इथे थांबते. तुम्ही देवाचं नाव घ्यायला आलात, ते तर घ्यालच. पण आज घरी जाल, अंगणातून लेकरू धावत येईल आणि दोन्ही हात वर करून उचलून घ्या म्हणेल, तेव्हा त्याचे हात कुठवर पोचतात ते बघा. आणि ते बघताना, चष्म्याची मोडकी काडी सावरत भुईवर बसलेल्या आमच्या प्रेमला सिस्टरची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.